खाट गेली, कॉट आली

समजा, तुमची लेक इंग्लंडमध्ये आहे आणि तिला सातवा लागलाय. बाळंतपणाला तुम्ही जाणार. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा आणि जुन्या लुगड्यांची मऊसूत दुपटी बॅगेत बसवता बसवता तुमची दमछाक झाली आहे, तेवढ्यात फोनवर तिची यादी येऊन पडते. कॉट, प्रॅम, नॅपी, मस्लिन, बिब, डमी, ग्राइप वॉटर. खाली एक ओळ : ‘आई, हे सगळं इथे घेतलंय. तू उगाच ओझं आणू नकोस.’

यादी पुन्हा एकदा वाचा, पण हळू. या सात शब्दांत एक नकाशा दडलाय, इराकमधलं एक शहर दडलंय आणि आपल्या आजोबांच्या अंगणातली खाट दडली आहे.

खाटेपासूनच सुरुवात करू. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांना इथे एक हलकं, दोरीनं विणलेलं, हवं तिथे उचलून टाकता येणारं बिछान्याचं साधन दिसलं. नाव विचारलं, लोकांनी सांगितलं : खाट. संस्कृतातली ‘खट्वा’. इंग्रजी जिभेवर तिची ‘कॉट’ झाली. ही कॉट पुढे जहाजावर चढली आणि खलाशांची टांगती शय्या झाली, इस्पितळात शिरली आणि शेवटी चारी बाजूंनी कठडे लावून घेऊन ब्रिटिश बाळाच्या खोलीत स्थिरावली. आता गंमत बघा. आपणही घरात ‘कॉटवर बस’ म्हणतोच ना? तो शब्द आपण इंग्रजीतून घेतला. म्हणजे आपली खाट विलायतेला गेली, तिकडचा उच्चार शिकून आली, आणि आपण तिला ओळखलंच नाही! वर ‘खाट’ म्हटलं तर गावंढळ आणि ‘कॉट’ म्हटलं तर सुधारलेलं.

अमेरिकेत हीच वस्तू मागायला गेलात तर दुकानदार घडीची खाट काढून देईल. तिथल्या बाळाला ‘क्रिब’ लागते. आणि क्रिब म्हणजे मुळात काय? गव्हाण! गुरांना वैरण घालायची ती. येशूचा जन्म गोठ्यात झाला आणि त्याला गव्हाणीत निजवलं, त्या कथेमुळे हा शब्द बाळांच्या जवळ आला. वसईत आणि गोव्यात नाताळात घरोघरी जी ‘क्रिब’ मांडतात, ती या शब्दाची जुनी ओळख जपून आहे. अमेरिकन बाळं मात्र रोज रात्री गव्हाणीत झोपतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

नॅपीची गोष्ट याहून मजेदार. लॅटिनमध्ये ‘मप्पा’ म्हणजे कापडाचा तुकडा, हात पुसायचा पंचा. फ्रेंच लोकांनी त्यातल्या ‘म’चा ‘न’ केला आणि ‘नाप’ झालं. इंग्रजांनी त्याला लाडाचं शेपूट लावलं : नॅपकिन, म्हणजे छोटं कापड. त्याचंही लाडकं रूप नॅपी. इथपर्यंत सरळ आहे. पण तो मूळचा मप्पा गेला कुठे? मध्ययुगात जगाचं चित्र काढलेल्या कापडाला म्हणत ‘मप्पा मुंडी’, जगाचं कापड. त्यातलं ‘जग’ गळालं, कापड उरलं, आणि इंग्रजीला ‘मॅप’ मिळाला. म्हणजे लंगोट आणि नकाशा ही सख्खी भावंडं! रात्रीतून गादीवर नकाशा काढणाऱ्या प्रत्येक बाळाला भाषाशास्त्राचा पूर्ण पाठिंबा आहे. स्वयंपाकघरातला ‘एप्रन’ही याच घरचा. तो आधी ‘नेप्रन’ होता. ‘अ नेप्रन’ असं भरभर म्हणताना ‘न’ मागच्या शब्दाला चिकटला, ‘अॅन एप्रन’ झालं, आणि बिचाऱ्याचं पहिलं अक्षर कायमचं हरवलं.

अमेरिकेत नॅपीला ‘डायपर’ म्हणतात, आपणही तेच म्हणतो. हा शब्द तर राजवाड्यातून आलाय. मध्ययुगीन ग्रीकमध्ये ‘आस्प्रोस’ म्हणजे पांढरं आणि ‘दिआस्प्रोस’ म्हणजे शुभ्र पांढरं. त्यावरून फ्रेंचमध्ये एका भारी, नक्षीदार रेशमी कापडाला नाव पडलं. पुढे ते छोट्या छोट्या चौकटींची नक्षी पुन्हा पुन्हा विणलेल्या तागाच्या कापडाला लागू झालं. त्या कापडाचे टेबलक्लॉथ झाले, टॉवेल झाले, आणि उतरत उतरत ते एके दिवशी बाळाच्या कमरेला आलं. चर्चच्या भिंतीवरच्या चौकटींच्या नक्षीला कलेचे अभ्यासक अजूनही ‘डायपर पॅटर्न’ म्हणतात. शुभ्र पांढऱ्याचं पुढे काय होतं ते घरात तान्हं असलेल्याला सांगायला नको.

मस्लिन म्हणजे बाळाची ढेकर काढताना खांद्यावर टाकायचं ते मलमलीचं फडकं. नाव पडलं इराकमधल्या मोसुल शहरावरून. बिब म्हणजे आपलं लाळेरं. हा बहुधा ‘पिणं’ या अर्थाच्या लॅटिन ‘बिबेरे’वरून आला, आणि तो ‘बिबेरे’ संस्कृत ‘पिबति’चा चुलतभाऊ. डमी म्हणजे चोखणी. नावातच कबुली दिलेली : हे खोटं आहे. अमेरिकन लोक तिला ‘पॅसिफायर’ म्हणतात, म्हणजे शांतता प्रस्थापित करणारी. रात्री दोन वाजता दुसरं नावच जास्त पटतं.

प्रॅम ही ‘पेरॅम्ब्युलेटर’ या अगडबंब लॅटिन शब्दाची शेंडी. अर्थ ‘फिरणारा’. आधी तो माणसाला लावत, एकोणिसाव्या शतकात गाडीला लागला. त्याच्याही आधी, १७३३ साली, विल्यम केंट नावाच्या कलाकारानं डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक छोटी गाडी घडवली होती. ती माणसानं ढकलायची नव्हती. पुढे शेळी किंवा तट्टू जुंपायचं होतं. मराठीनं या सगळ्या लॅटिनला वळसा घालून ‘बाबागाडी’ असा शब्द केला. मला तो पेरॅम्ब्युलेटरपेक्षा शंभरपट आवडतो.

आणि ग्राइप वॉटर? १८५१ साली नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्ड यांनी ते बनवलं. ‘ग्राइप’ म्हणजे पोटात मुरडा, कुणीतरी आतून मूठ आवळल्यासारखा. त्या पाण्यातला एक मुख्य घटक होता ‘डिल’च्या बियांचं तेल. डिलच्या बिया म्हणजे बाळंतशेपा. होय, तुमच्या बॅगेत आहे तोच. लेकीनं दुकानातून आणलाय आणि तुम्ही पुडीत बांधून नेताय.

सामान झालं. आता त्या कॉटमध्ये निजणाऱ्या मालकाकडे वळू. त्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

डॉक्टर म्हणतील ‘इन्फंट’. लॅटिनमध्ये ‘इन’ म्हणजे नाही आणि ‘फान्स’ म्हणजे बोलणारा. जो बोलत नाही, तो इन्फंट. मराठीनं अगदी उलट्या बाजूनं पाहिलं. आपण ‘अंगावर पितं मूल’ म्हणतो. त्याला काय येत नाही ते मोजत नाही, काय येतं ते सांगतो. पण या ‘न बोलणाऱ्या’चा पुढचा प्रवास ऐका. इटलीत ‘इन्फान्ते’ म्हणजे आधी मूल, मग मोठा मुलगा, मग जवान पोरगा, मग घोडा नसलेला, पायी लढणारा पोरसवदा शिपाई. अशा शिपायांचं दळ ते ‘इन्फंट्री’. पायदळ! बेळगावला जिचं केंद्र आहे ती मराठा लाइट इन्फंट्री डोळ्यांपुढे आणा. शिवाजी महाराजांच्या जयजयकारानं आसमंत दणाणून सोडणाऱ्या त्या पलटणीच्या नावात ‘ज्याला बोलता येत नाही ते बाळ’ गाढ झोपलेलं आहे.

घरात मात्र ‘चाइल्ड’. त्याचं अनेकवचन ‘चिल्ड्रेन’ शाळेत पाठ करताना आपण सगळे वैतागलो होतो : इथे ‘एस’ का नाही? कारण हे अनेकवचनाचं अनेकवचन आहे. जुन्या इंग्रजीत ‘चिल्ड’चं अनेकवचन ‘चिल्ड्रू’, पुढे ‘चिल्डर’. तेवढ्यावर काम भागत होतं. पण लोकांना ते पुरेसं अनेकवचनी वाटेना. मग ‘ऑक्सन’मध्ये असतं तसं ‘एन’ आणखी जोडून दिलं. हसू नका, आपण ‘लोक’ या अनेकवचनाला वर अनुस्वार देऊन ‘लोकं’ करतोच. व्याकरणाचे मास्तर डोकं धरून बसतात आणि लोकं बोलत राहतात. इंग्रजांचं ‘लोकं’ शब्दकोशात बसलं, एवढाच फरक.

मुलगी म्हणजे ‘गर्ल’, हे तर पक्कं ना? इ.स. १३००च्या सुमारास नव्हतं. तेव्हा गर्ल म्हणजे कुठलंही पोर, मुलगा असो की मुलगी. मुलगाच म्हणायचा असेल तर ‘नेव्ह गर्ल’ म्हणत. आणि ‘बॉय’? तो तेव्हा चाकर होता. मुलगा हा अर्थ मागून चिकटला.

इथे जरा थांबू, कारण ‘नेव्ह’ या शब्दात मला सापडलेलं सगळ्यात मोठं आश्चर्य आहे. जुन्या इंग्रजीत तो साधा मुलगा होता. जर्मनमध्ये ‘क्नाबे’ अजूनही मुलगाच आहे. इंग्लंडात मुलाचा पोऱ्या झाला, पोऱ्याचा नोकर, नोकराचा लबाड. मग हा नेव्ह पत्त्यांत जाऊन बसला, राणीच्या खालोखाल. तोच तो पत्ता ज्याला आपण काय म्हणतो? गुलाम! किलवरचा गुलाम, बदामचा गुलाम. आता ‘गुलाम’ कुठून आला ते पाहा. अरबीतून, फारसीच्या वाटेनं. आणि अरबीत ‘गुलाम’ म्हणजे मुळात मुलगा, पोरगा. चाकर आणि दास हे अर्थ मागून आले. म्हणजे एका भाषेतला पोरगा उत्तरेच्या समुद्राकाठून निघाला, दुसऱ्या भाषेतला वाळवंटातून, दोघांची ओळखदेख नाही, आणि दोघेही घसरत घसरत एकाच पत्त्यावर येऊन पोहोचले.

योगायोग म्हणावा, तर लॅटिनमध्ये ‘पुएर’ मुलगाही आणि गुलामही. ग्रीकमध्ये ‘पाइस’चंही तेच; त्याच ‘पाइस’वरून आपल्या बाळांच्या डॉक्टरांना पीडियाट्रिशियन म्हणतात. फ्रान्समध्ये ‘गार्सों’ म्हणजे मुलगा आणि वेटर. आणि आपल्या हॉटेलात फडकं मारणारा तो ‘पोऱ्या’? पन्नाशीचा असला तरी पोऱ्याच. इतक्या भाषांनी हाताखालच्या माणसाला वाढूच दिलं नाही.

त्यापेक्षा प्राण्यांची संगत बरी. ‘किड’ म्हणजे करडू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कुणीतरी चेष्टेनं मुलाला करडू म्हटलं आणि ते राहिलं. पण सतराव्या शतकात त्यातून एक काळा शब्दही निघाला : ‘किडनॅप’. नॅप म्हणजे झडप घालणं. इंग्लंडातून पोरं पळवून अमेरिकेतल्या वसाहतींत राबायला धाडणाऱ्यांसाठी तो तयार झाला. आज साठ वर्षांच्या उद्योगपतीचं अपहरण झालं तरी बातमीत करडूच पळवलेलं असतं.

करडू सांभाळायला ‘नॅनी’ हवी. ‘नॅन’ हे अॅन या नावाचं लाडकं रूप, आणि नॅनी म्हणजे मुलं सांभाळणारी बाई. पण इंग्रजीत शेळीलाही ‘नॅनी गोट’ म्हणतात! तेव्हा उच्चभ्रू इंग्रज घराच्या वरच्या मजल्यावर, जिथे नॅनी किड्सना सांभाळते, तिथे शब्दांच्या हिशेबानं एक शेळ्यांचा गोठा आहे.

आपणही काही मागे नाही. ऋषी शिष्याला हाक मारतात ती ‘वत्सा’, म्हणजे वासरा. ‘वात्सल्य’ हा आपला आईच्या मायेसाठीचा सगळ्यात गंभीर शब्द. तो गाय वासराला चाटते तिथून आला. ‘वत्स’चा मूळ अर्थ एक वर्षाचं जनावर, आणि वर्ष या अर्थाचा ‘संवत्सर’ त्याच्या शेजारीच बसलाय. त्याच मुळापासून लॅटिनमध्ये वासराला ‘विटुलुस’ म्हणत, आणि तिथून इंग्रजीला मिळाला ‘वील’, वासराचं मांस. एकाच शब्दाची दोन पिल्लं. एक आपल्याकडे वात्सल्य झालं, दुसरं तिकडे ताटात गेलं.

नॅनीची हिंदुस्थानी बहीण म्हणजे ‘आया’. हा शब्द आपला वाटतो, पण तो चावी, बटाटा आणि पाव यांच्याबरोबर पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरलेला आहे. पोर्तुगीजमध्ये ‘आइया’ म्हणजे दाई. इंग्रजांनी तो इथे उचलला आणि परत जाताना शब्दाबरोबर बाईलाही बोटीत घातलं, वाटेत मुलांना सांभाळायला. लंडनला पोहोचल्यावर काही जणींचं काम संपायचं, परतीच्या तिकिटाची सोय नसायची, आणि त्या परक्या शहरात अडकून पडायच्या. पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागात अशा बायकांसाठी ‘आयाज् होम’ नावाचं घर होतं. २०२२ साली त्या इमारतीवर निळी स्मृतिपट्टिका लागली. किती इंग्रज बाळं कुठल्या कुठल्या अंगाईवर झोपली असतील, याचा हिशेब त्या पट्टिकेवर मावत नाही.

मूल उठून चालू लागलं की ते ‘टॉडलर’. ‘टॉडल’ म्हणजे लटपटत चालणं. आपण म्हणतो दुडुदुडु. टॉडल आणि दुडुदुडु यांचं काहीही नातं नाही. तरी दोन्ही मोठ्यानं म्हणून बघा : छोटे पाय जमिनीवर आपटल्याचा आवाज दोघांनीही ऐकलाय! शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीचा. पण ‘टॉडलर’ नावाचं ठरावीक वय पक्कं व्हायला १९३०च्या दशकातली अमेरिकन कपड्यांची दुकानं कारणीभूत झाली. बाळाचे कपडे आणि मुलांचे कपडे यांच्या मधलं एक माप विकायचं होतं.

आणि ‘बेबी’? हा शब्द कुणी मोठ्या माणसानं केलेलाच नाही. बा-बा-बा करणाऱ्या तोंडातून तो उचललेला आहे. आपल्याकडे इंग्रजीतून आला तो थेट पाळण्यात, मुलींचं नाव होऊन. ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे आठवा. मराठी घराघरांत सत्तरीच्या बेबीमावश्या आहेत.

‘बा-बा’वरून आठवलं. १९६४ साली पुण्याचे भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी ‘मराठी बेबी टॉक’ या विषयावर एक शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलीची तुलना केली : अरबी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी, स्पॅनिश आणि मराठी. म्हणजे भूभू, माऊ, हम्मा, जोजो, मम्म या आपल्या आज्यांच्या शब्दसंपत्तीला जगाच्या विद्वत्सभेत पाट मिळाला! फर्ग्युसन यांना दिसलं की इतक्या दूरदूरच्या भाषांत मोठी माणसं बाळाशी बोलताना जवळपास सारखंच करतात. शब्द सोपे करतात, अक्षरं दोनदा म्हणतात, आणि विषयही तेच : खाणं, झोपणं, प्राणी, नातेवाईक, शी-शू.

पण एकच अक्षरजोडी कुठे काय होईल याचा नेम नाही. मामा म्हणजे इंग्रजीत आई, आपल्याकडे आईचा भाऊ, आणि जॉर्जियन भाषेत चक्क बाप. तिथे आई ‘देदा’. दादा म्हणजे आपला थोरला भाऊ, हिंदीत आजोबा, इंग्रज बाळाच्या तोंडी बाप. बाबा म्हणजे आपला बाप, रशियन घरात आजी. पापा म्हणजे इंग्रजीत वडील. आपण मात्र बाळाच्या गालाचा पापा घेतो. आणि काका! स्पेनमध्ये चारचौघांत प्रेमानं ‘काका’ म्हणून हाक मारू नका. तिथल्या बाळांना काका झाली की डायपर बदलावा लागतो.

असं का व्हावं? रोमन याकोबसन या भाषापंडितानं १९६०मध्ये याचं उत्तर दिलं. त्याच्यापुढे मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञानं जगभरातून जमवलेले आई-बापांसाठीचे १०७२ शब्द होते. बाळाला सगळ्यात सोपं काय? तोंड मोठं उघडलं की ‘आ’. ओठ मिटून उघडले की ‘प’, ‘ब’, ‘म’. त्यातला ‘म’ विशेष. बाळ दूध पीत असताना ओठ गुंतलेले असतात, तोंड भरलेलं असतं, त्यामुळे आवाज निघतो तो फक्त नाकातून : म्म्म. पुढे दूध नुसतं दिसलं तरी, किंवा हवं असलं तरी, तोच आवाज. बाळ कुणाला हाक मारत नसतं. ते भुकेची तक्रार करत असतं. ती ऐकून जी धावत येते, तिला वाटतं, माझंच नाव घेतलं!

आता त्या इंग्लंडमधल्या घरात परत जाऊ. बाळ सात-आठ महिन्यांचं झालंय, तुम्ही दुसऱ्या फेरीला आला आहात. लाळेरं बांधलेलं, टेकवून बसवलेलं ते ध्यान ओठ मिटून म्हणतं, ‘मम्म.’ लेक ओरडते, ‘आई, ऐकलंस? मम म्हणाली! मला हाक मारली!’ तुम्ही वरणभाताची वाटी घेऊन आधीच निघालेल्या असता, कारण मम्म म्हणजे भात, हे तुम्हाला लेकीच्याच वेळेपासून ठाऊक आहे. दोघी एकाच वेळी तिच्यापुढे पोहोचता. ती दोघींकडे बघते, आणि चमच्याच्या दिशेनं आ करते.